मांजरीची चार पिल्लं एका दुपारात, माणसाचं एक बाळ सव्वीस तासांत. असं का?

जिज्ञासू_बोका
गेल्या आठवड्यात घरात दोन बाळंतपणं झाली. पहिलं मांजरीचं. जुन्या कपड्यांच्या कपाटात, सगळ्यात खालच्या खणात, कुणाला न सांगता. दुपारी ती आत शिरताना दिसली आणि अंधार पडायच्या आत चार पिल्लं चाटूनपुसून लख्ख. ना ओरडा, ना धावपळ.

दुसरं ताईचं. पहिल्या कळेपासून बाळाच्या रडण्यापर्यंत सव्वीस तास. मी बाहेरच्या बाकावर. मधल्या काळात किती वेळा घड्याळ पाहिलं ते विचारू नका. आता दोघं सुखरूप आहेत, पण तेव्हापासून डोक्यात एकच भुंगा.

शाळेत शिकलो ते असं: माणूस दोन पायांवर उभा राहिला म्हणून कंबर अरुंद झाली, मेंदू वाढला म्हणून डोकं मोठं झालं, आणि दोघांचं जमेना. एवढंच आहे का? की अजून काही? जाणकारांनी लिहावं. 'आजकालच्या बायका' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

तिरपागडा
अभिनंदन मामा! (दोन्हीकडून मामाच की.) कुंपणावर बसून वाचतोय.

खडू_फळा
शाळेतलं चुकीचं नाही, अर्धं आहे. मी स्वतः बरीच वर्षं तेवढंच शिकवलंय, त्यामुळे पाप माझंही.

ही मांडणी शेरवुड वॉशबर्न या अमेरिकन मानवशास्त्रज्ञानं १९६० साली केली. म्हणणं असं की ताठ चालायला कटीचा सांगाडा एका प्रकारचा लागतो आणि मोठ्या डोक्याचं मूल बाहेर यायला दुसऱ्या प्रकारचा, आणि हाडांचं कडं तर एकच. तोडगा म्हणून मूल कच्चं असतानाच बाहेर येतं. नवजात बाळाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या तिसऱ्या हिश्शाहूनही लहान असतो. चिंपांझीत तो जन्मताच सुमारे ४० टक्के झालेला असतो. म्हणून चिंपांझीचं पोर आईला लटकतं आणि आपलं मान धरायलाच काही महिने घेतं.

आता मुद्द्याची गोष्ट. हे कडं म्हणजे सरळ नळी नव्हे. वरचं तोंड आडवं रुंद, खालचं तोंड पुढून मागे रुंद. बाळाचं डोकं पुढून मागे लांब. म्हणून बाळ आईच्या कुशीकडे तोंड करून आत शिरतं, मधे पाव वळसा घेतं, आणि डोकं निघालं की खांद्यांसाठी पुन्हा वळावं लागतं. अरुंद जिन्यावरून कपाट उतरवलंय कधी? 'थोडं तिरकं घ्या, आता फिरवा, हां, आता सोडा.' तसंच. फरक इतकाच की इथे जिनाही जिवंत आणि कपाटही.

निशिगंध
कपाट! पहिलटकरणीच्या नवऱ्याला समजावायला इतकं सोपं उदाहरण आजवर मिळालं नव्हतं. खडूसर, मोदक.

जुनं_ते_सोनं
धागाकर्त्यांनी आधीच दार लावून घेतलंय, तरी लिहितो. माझ्या पणजीला अकरा मुलं झाली. शेतात कळा सुरू झाल्या, बांधावर बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा कामाला. कुठलं डोकं नि कुठलं हाड? हालचाल कमी झाली, भीती वाढली, बाकी काही नाही. जनावरं चालतीफिरती असतात म्हणून त्यांना त्रास होत नाही.

तिरपागडा
आला, आला, अपेक्षित प्रतिसाद आला. पाचव्याच नंबरावर!

गोठेवाला_डॉक्टर
'जनावरांना त्रास होत नाही' असं जो म्हणतो त्यानं पहाटे तीनला, कंदिलाच्या उजेडात, बाही खांद्यापर्यंत वर करून गाईच्या पोटात हात घातलेला नाही. मी जनावरांचा डॉक्टर. निम्मं आयुष्य त्यात गेलं.

वासरू नीट बसलेलं असेल तर आधी पुढचे दोन पाय, त्यांवर टेकलेलं नाक, विहिरीत सूर मारल्यासारखं. एक गुडघा मुडपलेला असला, मान मागे वळलेली असली, की गाय अडली. मग आत ढकलायचं, पाय शोधायचा, खुरावर तळहात धरून सरळ करायचा (खुरानं पिशवी फाटली तर गेलं सगळं), आणि हे सगळं ती कळ देत असताना. कळ आली की माझा हात तिच्या हाडात चेपतो. दोन दिवस बोटं उघडत नाहीत.

आणि कमरेत अडकणं. डोकं आलं, खांदे आले, मालक खूश, आणि वासराची कंबर गाईच्या कटीत जाम. नवखा माणूस इथे जोर लावून ओढतो आणि दोघांनाही मारतो. ओढायचं नसतं, वासराला पाव वळसा द्यायचा असतो, म्हणजे त्याचा रुंद भाग तिच्या रुंद भागात येतो. खडूसरांचं कपाट माझ्याकडेही आहे. फक्त गाईत ते क्वचित करावं लागतं, बाईत ते रोजचं.

त्रास दिसत नाही याचं कारण वेगळं. ज्या जनावराची शिकार होते ते दुखणं चारचौघांत दाखवत नाही. घोडी तर रात्रीचा, कुणी नसल्याचा मुहूर्त साधते. ती जोर करायला लागल्यापासून वीस-तीस मिनिटांत शिंगरू बाहेर यायला हवं. अर्धा तास उलटला की मी गाडीची किल्ली शोधतो. बोका, तुमच्या मांजरीनं कपाटाचा खण निवडला तो उगाच नाही.

पांढरा_पोशाख
३१ वर्षं प्रसूतिकक्षात परिचारिका होते, आता निवृत्त. गोठेवाले डॉक्टर, बोटांचं वाचून हसू आलं. आमच्याकडे नवऱ्यांची बोटं चेपतात.

जुनं_ते_सोनं, रागावू नका, पण तुमच्या पणजीबाईंची गोष्ट आज सांगता येते कारण अकराव्यानंतरही त्या जगल्या. ज्या पहिल्याच खेपेला गेल्या त्यांच्या पणतवंडांनी इथे खातं उघडलेलं नाही.

हालचालीचं मात्र तुमचं अर्धं बरोबर. उताणं झोपवून ठेवणं ही सोय बघणाऱ्याची, बाळंतिणीची नव्हे. कळांच्या पहिल्या टप्प्यात उभं राहणं, चालणं, पुढे वाकून टेकणं यानं वेळ कमी होतो हे आता तपासून सिद्ध झालंय. आमच्या काळात 'पडून रहा' असं मीही दरडावलेलं आहे. त्याची लाज वाटते.

हिशेबी_माणूस
थोडं वजनकाट्यानं बघू. मांजरीचं पिल्लू जन्मतः सुमारे १०० ग्रॅम, मांजर चार किलोची. म्हणजे एक पिल्लू अडीच टक्के. माणसाचं बाळ तीन किलो, आई ५५ किलोची. साडेपाच टक्के. मादी गोरिला माणसाच्या आईपेक्षा वजनानं भारी आणि तिचं पोर दोन किलोच्या आसपास. हत्तीचं पिल्लू १०० किलोचं, पण हत्तीण तीन टनांची.

पण मांजरीची चारही पिल्लं धरली तर दहा टक्के! म्हणजे एकूण ओझं तिचंच जास्त. तिनं ते सुट्या नाण्यांत दिलं, आपण एकच मोठी नोट देतो.

रानवाटा
हिशेबी, मग वटवाघळाचं काय? काही जातींत पिल्लू आईच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाइतकं असतं. ५५ किलोच्या बाईला चौदा किलोचं बाळ! तरी होतं, कारण त्यांच्या कटीचं हाड पुढून जोडलेलं नसतं, मधे ताणला जाणारा अस्थिबंध असतो. गिनिपिगची पिल्लं डोळे उघडे, अंगावर केस, जन्मताच पळणारी. तिथेही सांधा पुढून सुटतो. १९२६ साली फ्रेडरिक हिसॉ यांनी गाभण जनावराच्या रक्तातला द्रव गिनिपिगला टोचला आणि सांधा सैल पडला. तेच रिलॅक्सिन, सांधा सैलावणारं संप्रेरक. आपल्यातही असतं, पण आपला सांधा थोडाच सैलावतो. वटवाघळासारखा उघडला तर उभं कोण राहील?

उलट टोकाला कांगारू. ३३ दिवसांत एका ग्रॅमहूनही हलकं पिल्लू बाहेर, बाकी वाढ पिशवीत. प्रश्नच मिटवला.

तिरपागडा
आपल्यालाही पिशवी हवी होती. पावसाळ्यात वाळत घालायची पंचाईत, पण तरी.

सव्वापाच
इतके दिवस वाचनमात्र होते, हा प्रतिसाद लिहिण्यासाठी लॉगिन केलं.

माझं बाळ 'आकाशाकडे तोंड' करून होतं. म्हणजे खडूसरांनी सांगितलेला वळसा त्यानं उलट दिशेला घेतला. बहुतेक बाळं आईच्या पाठीकडे तोंड करून निघतात, माझं पुढे. डोक्याचा मागचा कठीण भाग माझ्या माकडहाडावर. कळ पोटात येत नव्हती, कमरेत येत होती, आणि दोन कळांच्या मधे जी विश्रांती मिळते असं सगळे सांगतात ती मला मिळाली नाही. बावीस तास. कुणीतरी मधेच म्हणालं, 'बाईच्या जातीला हे सोसावंच लागतं.' उत्तर द्यायला शक्ती नव्हती. आज देते: गोठेवाल्या डॉक्टरांना विचारा, गाय अडली की तिच्या जातीचा दाखला देतात का? हात घालतात आणि मोकळी करतात.

शेवटी एका अनुभवी सुईणबाईंनी मला हातागुडघ्यांवर ओणवं केलं आणि कंबर डोलवायला लावली. तासाभरानं बाळ फिरलं. त्यामुळेच फिरलं की फिरायचंच होतं, देव जाणे. मी त्या बाईंना सोडून बाकी सगळ्यांची नावं विसरले.

निशिगंध
सव्वापाच, वाचताना कंबर धरली. लिहिलंत ते बरं केलंत.

हाडांचा_नाद
खूप छान चर्चा. मी प्राचीन सांगाड्यांवर काम करतो, म्हणून दोन शब्द.

पहिली गोष्ट क्रमाची. इथिओपियातल्या हडारला १९७४ मध्ये सापडलेली 'ल्यूसी' सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची. ती दोन पायांवर चालत होती पण मेंदू चिंपांझीएवढाच. म्हणजे चालणं आधी आणि मोठं डोकं लाखो वर्षांनी. तिची कटी आडवी चांगली रुंद पण पुढून मागे चपटी, त्यामुळे छोट्या डोक्यालाही सरळसोट वाट नव्हतीच. अडचण डोक्यापासून सुरू झाली असं धरून चालू नका.

दुसरी, सव्वापाच यांच्या बाळाच्या तोंडावरून. माकडाचं पोर साधारणपणे आईकडे तोंड करून निघतं. ती स्वतःच हात घालून त्याला छातीशी ओढते. आपलं पाठीकडे तोंड करून निघतं. आईनं स्वतः ओढायचं म्हटलं तर त्याची मान उलटी मोडेल, गळ्यात नाळ अडकली असेल तर तिला दिसणारही नाही. यावरून कॅरेन रोझेनबर्ग आणि वेंडा ट्रेव्हाथन यांनी मांडलं की माणसाच्या बाळंतपणाला दुसऱ्या माणसाची गरज ही सवय नव्हे, शरीररचनेतच आलेली गोष्ट आहे. सुईण हा जगातला सगळ्यात जुना व्यवसाय, असं मी वर्गात म्हणतो आणि पोरं हसतात.

रानवाटा
या शेवटच्या मुद्द्याला थोडी खीळ. सातोशी हिराता आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये चिंपांझींचे जन्म जवळून टिपले तर तिथेही पोरं आईकडे पाठ करून निघाली! आणि कुणाच्या मदतीविना. त्यामुळे 'पाठ केली म्हणून सुईण लागली' हे सरळ जुळत नाही. शिवाय बोनोबोंच्या (चिंपांझीच्या जवळच्या नात्यातल्या वानरांच्या) बाळंतपणात इतर माद्या भोवती कडं करून उभ्या राहिल्याचं पाहिलं गेलंय, आणि त्यांच्यात तर जागा ऐसपैस असते. सोबत ही अडचणीतूनच जन्मते असं नाही.

हाडांचा_नाद
खीळ मान्य. चिंपांझीला जागा भरपूर, त्यामुळे तोंड कुठेही असो, पोर सुटतं. आपल्यात तोंड चुकलं तर सव्वापाच यांचे बावीस तास. दिशा दोघांत सारखी असेलही, चुकीची किंमत सारखी नाही.

शंकासूर
मूलभूत शंका. इतकी लाखो वर्षं मिळाली, तर उत्क्रांतीनं कंबर दोन बोटं रुंद का केली नाही? रुंद कंबरेनं चालता येत नाही म्हणे. पण आजूबाजूला रुंद कंबरेच्या बायका बघतो, त्या माझ्यापेक्षा भरभर चालतात.

हाडांचा_नाद
शंकासूर, नेमकं दुखऱ्या जागी बोट. ॲना वॉरेनर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हेच मोजलं: चालतापळताना किती ऊर्जा जाते आणि कंबर किती रुंद. रुंद कंबरेमुळे खर्च वाढतो असं काही दिसलं नाही. म्हणजे वॉशबर्न यांच्या इमारतीचा एक खांब डुगडुगतोय.

मग मूल नऊ महिन्यांतच का येतं? हॉली डन्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दुसरं उत्तर दिलं: जागा संपते म्हणून नाही, आईची ताकद संपते म्हणून. गरोदरपणाच्या शेवटी आईचं शरीर विश्रांतीतल्या खर्चाच्या दुपटीपर्यंत ऊर्जा जाळत असतं. माणसाला फार काळ यापुढे जाता येत नाही. बाळाची भूक मात्र चढत्या दरानं वाढते. ज्या टप्प्यावर आईला ती भागवणं अशक्य होतं, साधारण तिथेच कळा येतात.

मग तरी अडतं का? इथे दोन्ही मतांची माणसं अजून भांडतायत. काहींचं म्हणणं, कडं रुंद केलं तर ओटीपोटाचा तळ, तो स्नायूंचा झोळणा, उभ्या माणसाच्या आतड्यांचं आणि गर्भाचं ओझं पेलणार नाही. चार पायांच्या जनावराचं पोट जमिनीकडे लोंबतं, झोळण्यावर भार नाही. आपण उभे राहिलो आणि सगळं ओझं त्या भोकावरच आलं. मला स्वतःला हे उत्तर जास्त पटतं, कारण बाळंतपणानंतर अंग बाहेर येण्याचा त्रास किती बायकांना होतो ते कुणीच मोठ्यानं बोलत नाही.

पांढरा_पोशाख
शेवटच्या वाक्यासाठी उभं राहून टाळ्या.

तरस_राजे
सगळे माणसाचं कौतुक करतायत म्हणून आमच्या जमातीतर्फे निषेध. ठिपकेदार तरसाच्या मादीला बाळंतपण ज्या वाटेनं करावं लागतं ती वाट नराच्या लिंगासारख्या लांब अवयवातून जाते. वाटेत उलटं वळण. पहिलटकरणीचा तो अवयव फाटतो, आणि बंदिवासातल्या नोंदींत पहिल्या खेपेची निम्म्याहून जास्त पिल्लं मेलेली निघाली. तेव्हा 'सगळ्यात अवघड' हा किताब परत करा.

तिरपागडा
पाय एकमेकांवर टाकून वाचला हा प्रतिसाद. मी पुरुष असूनही.

रानवाटा
तरस राजे, निषेध मंजूर. शर्यतीत किवी पक्षीणही घ्या: अंडं तिच्या वजनाच्या १५ ते २० टक्के. आणि स्क्विरल माकड: तिथे पोराचं डोकं वाटेहून मोठंच, आणि बरीच पोरं दगावतात. मेंदूनं आपल्याशी स्पर्धा नाही, अडचणीत मात्र आहे. म्हणजे 'माणूसच एकटा' हे शाळेतलं वाक्य खोडायला हरकत नाही.

गोठेवाला_डॉक्टर
आणि माणसानं स्वतः अवघड करून ठेवलेले जीव मोजाच. बेल्जियन ब्लू ही गाय: मांसासाठी इतकी पुष्ट केली की बहुतेक वासरं सिझेरियननंच काढावी लागतात. बुलडॉग: डोकं मोठं हवं, कंबर बारीक हवी, दिसायला छान. दहातल्या आठाहून जास्त बाळंतपणं सुरीनं. निसर्गाला हजारो पिढ्या लागल्या असत्या ते आपण हौसेपायी शंभरएक वर्षांत केलं.

शंकासूर
मग माणसातही सिझेरियनमुळे पुढच्या पिढ्या अरुंद कंबरेच्या होणार असं वाचलं होतं.

खडू_फळा
ते २०१६ सालचं व्हिएन्नातल्या फिलिप मिट्टरेकर आणि मंडळींचं गणिती प्रारूप. कागदावरचं गणित, बायकांच्या कमरा मोजून काढलेला निष्कर्ष नव्हे. बातम्यांनी ते 'माणूस बुलडॉग होणार' या थाटात छापलं. सिझेरियन वाढण्यामागे वैद्यकीय निर्णय, सोय, भीती, वेळापत्रक अशी हजार कारणं आहेत, आणि ती दोन पिढ्यांत बदलतात. हाडं तितक्या घाईत नसतात.

हाडं घाईत बदलतात ती वेगळ्या अर्थानं. झ्युरिकच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की वयात येताना मुलीची कटी वेगळ्या वाटेनं रुंदावते, तिशीच्या आसपास सगळ्यात मोकळी असते आणि चाळिशीनंतर पुन्हा आवळते. आणि लहानपणी उपासमार झालेल्या किंवा मुडदूस झालेल्या मुलीची कटी वाकडी राहते. आई अडते ती तिच्या पाचव्या वर्षी न मिळालेल्या पोषणामुळेही. हा दोष माकडापासून माणूस झाल्याचा नाही.

जुनं_ते_सोनं
हे मात्र माहीत नव्हतं. पणजी खात्यापित्या घरची होती खरी.

पांढरा_पोशाख
सगळे हाडांवर बोलतायत. मला रक्तावर बोलू द्या, कारण मी ज्या बायका जाताना पाहिल्या त्यांतल्या बहुतेकींचं बाळ व्यवस्थित बाहेर आलं होतं.

वार म्हणजे बाळाला नाळेतून पोसणारा अवयव. गाईची वार गर्भाशयाला वरवर चिकटलेली असते, पाकिटाला डिंक लावल्यासारखी. सुटली तर रक्त जात नाही. (डॉक्टर, चुकत असेन तर सांगा.) माणसाची वार आईच्या रक्तवाहिन्यांच्या तोंडापर्यंत रुतते, बाळाला थेट तिच्या रक्तातून ओढता यावं म्हणून. दिवस भरल्यावर गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त वाहतं. बाळ निघालं, वार सुटली, की त्या सगळ्या वाहिन्या उघड्या. गर्भाशय मुठीसारखं आवळलं तर स्नायूच त्यांना पिळून बंद करतात. नाही आवळलं तर काही मिनिटांत खेळ खलास. बाळंतपणातल्या मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण आजही हेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये गरोदरपण आणि बाळंतपणात २ लाख ६० हजार बायका गेल्या, रोज सातशेहून जास्त. बहुतेक गरीब देशांत, आणि बहुतेक टाळता येण्यासारखे. गर्भाशय आवळणारं एक ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन आणि पोटावर हात ठेवून गर्भाशय कडक आहे ना हे बघणारं माणूस, एवढ्यानं कितीतरी वाचतात.

म्हणून 'डोकं मोठं' हे ऐकलं की मी म्हणते, हो, पण वार विसरू नका.

गोठेवाला_डॉक्टर
अजिबात चुकत नाही. आमच्याकडे उलट तक्रार: जार (गाईची वार) पडतच नाही. बारा तास उलटले तरी लोंबत राहते, मालक घाबरतो. पण गाय रक्त जाऊन मेली असं मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच पाहिलंय, आणि तेही गर्भाशय फाटलेलं असताना.

रानवाटा
डेव्हिड हेग यांनी १९९३ मध्ये यावर मांडणी केली होती: गर्भ आणि आई यांची रस्सीखेच. बाळाला जास्त हवं, आईला पुढच्या बाळांसाठीही राखायचं. वार जितकी खोल तितका बाळाचा हात तिजोरीत. गरोदरपणातला वाढता रक्तदाब हाही त्याच ओढाताणीतला. चिंपांझी-गोरिलांतही वार खोलच असते, त्यामुळे हा वारसा आपल्याला बहुधा आधीपासूनचा.

निशिगंध
आणि हात न धुणं! १८४७ मध्ये इग्नाझ सेमेलवाइस यांनी व्हिएन्नात पाहिलं की डॉक्टरांच्या विभागात बाळंतिणी तापानं मरतात, सुइणींच्या विभागात खूपच कमी. डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच यायचे. क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि एप्रिलमधलं १८ टक्क्यांचं मृत्युप्रमाण जूनमध्ये दोन टक्क्यांच्या आसपास. ही अडचण माणसाचीच, पण कुठल्याही हाडात नव्हती.

खडू_फळा
अवांतर: अडलेलं बाळ ओढून काढायचा चिमटा (फोर्सेप्स) शोधणाऱ्या चेंबरलेन घराण्यानं तो शंभराहून जास्त वर्षं गुपित ठेवला. मोठ्या पेटीत झाकून आणायचे, बाळंतिणीच्या डोळ्यांवर पट्टी. १८१३ साली इंग्लंडमधल्या एका जुन्या घराच्या जमिनीखाली ती हत्यारं सापडली. दरम्यान किती अडून मेल्या असतील याचा हिशेब हिशेबी माणूसही करू शकणार नाही.

हिशेबी_माणूस
करणारही नाही.

तिरपागडा
इतिहास वाचून मूड गेला. बोका, मांजरीचा फोटो टाका.

जिज्ञासू_बोका
दोन दिवस इकडे आलो नाही. सगळ्यांचे आभार, खूप शिकलो. शेवटी मला समजलं ते असं: वाट वळणाची, डोकं मोठं, वार खोल, झोळणा तोलायचा, आणि आईची शिदोरी मर्यादित. एक कारण मागायला आलो होतो, पाच घेऊन चाललोय.

पण एक दुरुस्ती करायची आहे, मथळ्यातच. काल कपाटाचा खण रिकामा करून साफ केला. खाली, जुन्या चादरीच्या घडीत, पाचवं पिल्लू होतं. पूर्ण वाढलेलं, इतरांहून मोठं, डोकं थोडं चपटं झालेलं. ती ते तिथे सरकवून वर बसून बाकीच्यांना पाजत होती. आम्ही सगळे 'किती सहज झाली' म्हणत कपाटासमोर उभे होतो तेव्हा ते तिथेच होतं.

ताईला सांगितलं नाही अजून.

पांढरा_पोशाख
सांगू नका इतक्यात.

सव्वापाच
किंवा सांगा. तिला कळेल.

गोठेवाला_डॉक्टर
होतं असं, बोका. मोठं पिल्लू अडून राहिलं असणार. आता जिवंत चौघांकडे लक्ष द्या. मांजरीला ताप, घाण वासाचा स्राव, पिल्लांकडे दुर्लक्ष, यातलं काही दिसलं तर थांबू नका. पिल्लांचं रोज एकाच वेळी वजन करा. दिवसाला दहाएक ग्रॅम वाढायला हवं. दोन दिवस एकाच जागी अडकलं तर दाखवा. काटा आहे का घरात?

जिज्ञासू_बोका
आहे. ताईच्या बाळासाठी आणलाय. सकाळी सहाला, ती उठायच्या आत, मी चौघांना त्यावर बसवतो. आज १२०, ११८, १२५ आणि चौथं सरपटत काट्यावरून उतरलं.